माळकरी माणसाला राग येतो तेव्हा

प्रश्न : ताई, आमच्या घरात वारी आहे, मीही माळकरी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी रंगकामाच्या खर्चाबद्दल विचारलं तर एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" मी नम्रपणे गप्प बसलो, पण तेव्हापासून त्याच्याशी बोलणं बंद, मीटिंगलाही जात नाही, आणि आतून धुमसतोय. बायको म्हणते हा रागच आहे. नम्र माणसाला एवढा राग येतो का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : वहिनींचं बरोबर आहे हो. ओरडलो नाही म्हणजे राग नाही असं थोडीच असतं, अबोला हा तर आपल्याकडचा सगळ्यात सभ्य राग, वर नम्र म्हणून मिरवता येतं हा बोनस!

ताटीची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार, पण त्यातलं एवढंच बघा की लोक टोचून बोलले तेव्हा ज्ञानेश्वरांनी काही आरडाओरडा केला नाही, झोपडीत जाऊन दार लावून घेतलं. आणि धाकटी मुक्ताई काही "वा दादा, किती शांत" म्हणाली नाही, दाराशी उभी राहून "ताटी उघडा ज्ञानेश्वरा" म्हणत राहिली. तिला ते बंद दार म्हणजे रागच वाटला, आणि तो सोडायला सांगायला वय आड आलं नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं आहेत ना, त्यात पहिलं अमानित्व, मानाची हाव नसणं, आणि क्षमा येते त्यानंतर. मला हा क्रम फार पटतो, कारण मान दुखावलेला असताना क्षमा करायला गेलं की ती अशी तुमच्यासारखी अबोल्यात जाऊन बसते.

पण म्हणून राग सगळाच टाकायचा का? अजिबात नाही. स्वतःला मेणाहून मऊ म्हणवणारे तुकोबाच त्याच अभंगात नाठाळाच्या माथी काठी हाणतात. तुम्ही स्वतःला एकच विचारा, तेच वाक्य तो शेजारच्या जोशीकाकूंना बोलला असता तर तुम्ही असेच धुमसला असता का? नसाल तर हा राग खर्चाचा नाही, तुमच्या मानाचा आहे, आणि रंगकामाचा प्रश्न तर तसाच राहिलाय!

तेव्हा पुढच्या मीटिंगला जा, बिलं आणि कोटेशन मागा, आवाज थोडा चढला तरी चालेल. "मला असं का बोललात" हा विषय मात्र हिशोब हातात येईपर्यंत काढू नका.