ट्रेकिंगची आवड असलेला, साधं बोलणारा थेरपिस्ट पुण्यात कसा शोधावा?

आवड जुळली तर उत्तमच, पण शोधाची सुरुवात तिथून करू नका. आधी शिक्षण बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषद (RCI) या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. तो क्रमांक बिनधास्त विचारा. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र महिनाभराचा कोर्स केलेलेही लावतात, तिथे पदवी आणि अनुभव विचारायला लाजू नका. गोळ्या लिहून देणं हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम.

मग फोनवर दहा मिनिटं बोला. “मी दर शनिवारी राजगडावर जातो, घरच्यांना ते पळून जाणं वाटतं,” असं एखादं खरं वाक्य टाकून बघा. समोरून “वर गेल्यावर नेमकं काय बरं वाटतं?” असा प्रश्न आला तर पुढची वेळ घ्या. लगेच जड शब्द किंवा उपदेश सुरू झाला तर रामराम.

माझ्या समुपदेशक बाई सिंहगडसुद्धा चढलेल्या नाहीत, तरी त्यांना मी कळलो. त्याआधीचे गृहस्थ पक्के ट्रेकर होते. अर्धा तास बुटांवरच जायचा, आणि फी माझी!

मराठीतच बोलायचं असेल तर आधीच सांगा. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू. मराठीतही बोलता येतं. आणि तीन-चार भेटींनंतरही अवघडल्यासारखं वाटलं तर तसं तोंडावर सांगा. चांगला थेरपिस्ट स्वतःच दुसरं नाव सुचवतो.