भाच्याने आणलेला हिरवा दगड : पन्ना का युरेनियम?

प्रश्न : सर, भाचा 2014 साली अमेरिकेत होता. न्यू हॅम्पशायरमध्ये ग्राफ्टन गावाजवळ डोंगरात रगल्स माइन म्हणून अभ्रकाची जुनी खाण आहे, तिथे तेव्हा तिकीट काढून दगड फोडू द्यायचे. तिथून त्याने अभ्रकाचा जाड तुकडा आणि हिरवट, सहा बाजूंचा, पेन्सिलीसारखा दगड आणला. इतवारीतले एक सराफ म्हणाले पन्ना आहे, अंगठी करा. शेजारी म्हणतात त्या खाणीत युरेनियम होतं, फेका. आणि आईला अभ्रकाचं भस्म करायचंय! – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : फेकू नका, अंगठीची ऑर्डर देऊ नका, आणि आईंना जरा आवरा.

दगड बहुतेक बेरिल नावाचं खनिज असावा. पन्नाही बेरिलच, पण त्याचा गर्द हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो, साध्या बेरिलला लोखंडामुळे निळसर-हिरवी झाक असते, वर तो गढूळ आणि तडे गेलेला, म्हणजे नातं सख्खं पण भावात जमीन-अस्मानाचा फरक, आणि सराफांनी एवढ्या खात्रीने कसं सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. घरी एक करून बघा, चाकूचं टोक दाबून ओढा. ओरखडा पडला तर तो अ‍ॅपटाइट, तोही हिरवा आणि षटकोनी असतो नं. बेरिलवर ओरखडा पडत नाही, उलट चाकूचीच काळी रेघ उमटते, ती बोटाने पुसली जाते.

अभ्रक आणि बेरिल एकाच ठिकाणी का, तर जमिनीखाली ग्रॅनाइटचा रस थंड होताना शेवटी जो पाणीदार रस उरतो त्यात बेरिलमधल्या बेरिलियमसारखी, बाकी खनिजांत न मावलेली मूलद्रव्यं गोळा होतात आणि त्या पातळ रसात स्फटिक खडीसाखरेसारखे मोठे वाढतात. अशा खडकाला पेग्मटाइट म्हणतात. युरेनियमही त्या रसातच उरतं, म्हणून शेजारी अगदीच चुकीचे नाहीत.

सॅम रगल्सने 1803 मध्ये खाण सुरू केली ती अभ्रकासाठी, शेगडीच्या खिडक्या आणि कंदिलाच्या काचांना ते लागायचं. शेजाऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून तो माल गुपचूप इंग्लंडला विकायचा असं सांगतात. पुढे भांडी घासायच्या पावडरीची बॉन अमी कंपनी तिथून फेल्डस्पार हे खनिज काढायची, कारण ते क्वार्ट्झपेक्षा म्हणजे गारगोटीपेक्षा मऊ, भांड्यांना चरे पडत नाहीत. नंतर ती टुरिस्ट लोकांची जागा झाली आणि 2016 ला बंद पडली, भाच्याचं नशीब चांगलं!

मला विचाराल तर अभ्रकाचा तुकडा जास्त मजेचा आहे. टाचणीने कोपरा सोडवा आणि नखाने ओढा, पारदर्शक पापुद्रा निघतो, त्याचाही परत पापुद्रा निघतो, वाकवून सोडला की टुणकन सरळ. जुनी इस्त्री बर्डीवर दुरुस्तीला दिली की कारागीर उघडून दाखवायचा, चपटी तार ज्यावर गुंडाळलेली असायची ते हेच.

आता युरेनियम. बेरिल स्वतः किरणोत्सर्गी नाही, आपल्याकडे मात्र ते 2023 पर्यंत अणुखनिजांच्या यादीत होतं, कारण बेरिलियम अणुभट्टीत कामाला येतं. तुमच्या तुकड्यांना पिवळे-नारिंगी ठिपके किंवा पिवळट-हिरवे खवले चिकटलेत का बघा, आणि नोटा तपासायच्या दिव्याखाली अंधारात धरा. खवले लख्ख हिरवे चमकले तर ते ऑट्युनाइट, म्हणजे युरेनियमचं खनिज. तरी घाबरून फेकाफेकी नको, डबीत घालून बेडरूमबाहेर ठेवा, मुलांच्या हातात देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा, आणि विद्यापीठाच्या जिओलॉजी डिपार्टमेंटमध्ये एकदा दाखवा. बेरिल घासून किंवा कुटून मात्र बिलकुल बघू नका, त्याची धूळ फुफ्फुसाला वाईट.

आईंना सांगा, आयुर्वेदातल्या रसशास्त्रात अभ्रकाचे चार प्रकार आहेत, पिनाक, दर्दुर, नाग आणि वज्र, आणि औषधाला फक्त वज्र घेतात, ते काळं असतं. तुमचं चांदीसारखं पांढरं असेल तर प्रश्नच मिटला.