वडिलांच्या आयकर रिटर्नमध्ये कोणत्या सवलती राहून जातात?

तुमचे वडील सोलापुरातले निवृत्त शिक्षक, पेन्शन आणि ठेवींचं व्याज एवढंच उत्पन्न, असं तुम्ही लिहिलंय. मग आधी आयकर पोर्टलवरून २६एएस (कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वर्षभरातल्या उत्पन्न-व्यवहारांचं विवरण) काढा. आमच्या अण्णांची एफडी दोन बँकांत होती. एकीचा टीडीएस, म्हणजे बँकेने व्याजातून आधीच कापलेला कर, रिटर्नमध्ये घेतलाच नव्हता, म्हणजे हक्काचा परतावा तसाच पडून राहिला असता. कापलेला टीडीएस जुनी करप्रणाली असो वा नवी, दोन्हींत मिळतो.

जुनी प्रणाली घेतली तर साठी ओलांडलेल्यांना आयकर कायद्याच्या ८०टीटीबी कलमाखाली व्याजावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे. बचत खात्याबरोबर एफडीचं व्याजही त्यात येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

सगळ्यात जास्त राहतं ते जुन्याच प्रणालीतलं ८०डी, म्हणजे आरोग्यखर्चाची वजावट. ज्येष्ठांचा आरोग्य विमा नसला तरी औषधोपचाराचा खर्च ५०,००० पर्यंत धरता येतो, पण रोखीने दिलेला नाही. अण्णांची मधुमेहाची बिलं बिस्किटाच्या डब्यात होती, निम्मी रोखीची, ती बाद झाली. तेव्हापासून मेडिकलवाल्याला यूपीआयनेच देतो. खर्च तुम्ही करत असाल तर वजावट तुमच्या रिटर्नमध्ये घ्या.

पेन्शनची थकबाकी एकदम मिळाली असेल तर रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई भरा, नाहीतर कलम ८९ची, म्हणजे थकबाकीमुळे वाढलेल्या करावरची सूट नाकारतात.