बाहत्तरचा दुष्काळ रेकॉर्ड करायचाय, पण आज्ज्या बोलत नाहीत

प्रश्न: ताई, आमचं गाव माण तालुक्यात. ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं गावात अजून आहेत पण दरवर्षी दोन-तीन कमी होतायत. आम्ही चारपाच पोरांनी ठरवलंय, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून वेबसाइट काढायची. दोन आज्ज्यांकडे गेलो तर "लई वाईट दिस व्हते बाबा" एवढं बोलून गप्प. कॅमेरा लागेल का, वेबसाइट कुठली घ्यावी, काहीच कळेना. बजेट म्हणजे वर्गणी.
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर: वेबसाइटचं आधी डोक्यातून काढा, ती सगळ्यात शेवटी. तेव्हा विशीत असलेली बाई आज सत्तरीच्या पुढे आहे, घाई तिच्या आवाजाची आहे. कॅमेराही नको, तो दिसला की आज्जी पदर सावरून भाषण करतात. मोबाइल बास झाला, एरोप्लेन मोडवर टाका, फॅन बंद करा, आणि वर्गणीतून कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक घ्या.

आज्ज्या गप्प बसल्या कारण प्रश्नच केवढा मोठा! "दुष्काळ कसा होता" ह्याला कोण काय सांगणार? मिलो विचारा. ती अमेरिकेची लाल ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची का, कामावर मिळणारी सुकडी (कोरडं पौष्टिक खाणं) तिथंच खायची की पोरांसाठी पदरात बांधून आणायची, खडी फोडताना बोटांना काय गुंडाळायचं, तान्हं पोर कुठं ठेवायचं, हजेरी कोण मांडायचं. गावचा पाझर तलाव त्याच दुष्काळी कामातला असेल तर आज्जींना बांधावर घेऊन जा, तिथं आपोआप बोलतात. आणि थांबल्या तर थांबू द्या, लगेच पुढचा प्रश्न टाकायची खोड मलाही होती, माझ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ मीच बोलतेय.

परवानगी दोनदा घ्या. सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि इंटरनेटवर टाकलं तर चालेल का, हे आवाजातच. मग संपल्यावर परत, कारण बोलायच्या भरात कुठल्या मुकादमानं हजेरी खाल्ली ते नावानिशी निघतं आणि त्याचा नातू आज तुमच्याच गल्लीत राहतो. नको म्हणाल्या तर तेवढा भाग बाहेर जाऊ देऊ नका.

फाइल जमलं तर वॅवमध्ये (WAV, ह्यात आवाज दाबला जात नाही) ठेवा, साधारण तासाला ३०० एमबी वगैरे जाते. व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो. तीन कॉप्या करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी (एकाच कपाटात तिन्ही ठेवणारे लोक मी पाहिलेत). सगळं शब्दन्‌शब्द उतरवायला बसलात तर दुसऱ्या मुलाखतीतच दमाल, त्यापेक्षा रेकॉर्डिंगच्या कितव्या मिनिटाला काय आलं ते एका शीटमध्ये "१२:४० मिलो, १९:०५ सुकडी" असं मांडत जा. जे उतरवाल ते मात्र "व्हते"चं "होते" न करता.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्या संशोधकांच्या टीमनं जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, आता त्यातल्या काही पारीवर (PARI, ग्रामीण भारताच्या गोष्टी जमवणारी वेबसाइट) ऐकायला मिळतात, आणि तिथं ओवीसोबत गाणारीचं नाव न्‌ गावही असतं. म्हणून शीटमध्ये ते दोन रकाने कधी रिकामे सोडू नका. अपलोड करायला इंटरनेट आर्काइव्ह फुकट आहे, वेबसाइटचे पैसे वाचले.

त्याआधी ज्यांनी हो म्हटलंय त्यांचं रेकॉर्डिंग एकदा पारावर स्पीकर लावून ऐकवा. कोणीतरी तिसरी म्हातारी मधेच उठून म्हणेल, "आसं नव्हतं गं ते". मोबाइल चार्ज करून न्या.