पहिला काप चुकला तर?

"मॅडम, सुतारकाम करून बघायचंय, पण सुरुवातच होत नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्यावर लिहिलेलंच बरं. मी समुपदेशक, त्यामुळे फक्त त्यासाठी माझ्याकडे कुणी येत नाही. झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून येतात, आणि तिसऱ्या भेटीत माळ्यावर धूळ खात पडलेल्या रंध्याचा विषय निघतो.

गोव्यातल्या फोंड्याकडचे एक गृहस्थ असेच आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). बँकेतून निवृत्त. करवत, पटाशी, गुण्या, दोन क्लॅम्प, सगळं आणून दोन वर्षं झालेली. व्हिडिओ तोंडपाठ. काम शून्य.

"शेजारी विचारतात, मेस्त झालात काय?" मेस्त म्हणजे सुतार.

"मग काय सांगता?"

"हत्यारं झाकून ठेवतो."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची, म्हणजे माणसाच्या हट्टी समजुती तपासून बदलायच्या या विचाराची. ही पद्धत मांडणारा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस 19 वर्षांचा असताना न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर शंभरेक अनोळखी मुलींशी मुद्दाम जाऊन बोलला. भेटायला एकच तयार झाली, आणि तीही आली नाही. पण त्याची भीती गेली. हा किस्सा मी हमखास सांगते आणि तो हमखास लागू पडतो. इथे पडला नाही. 'पहिलीच वस्तू सुबक झाली पाहिजे' या त्यांच्या हट्टावर मी तीन भेटी घालवल्या. ते मान डोलवायचे आणि घरी जाऊन काहीच करायचे नाहीत.

त्यानंतरच्या भेटीत मी सरळ विचारलं, "पहिला काप चुकला तर काय होईल?"

"लाकूड वाया जाईल."

"मग दुसरं आणा."

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बाजारात फळी मिळते, मॅडम. बाबांचा फणस नाही मिळत."

चार वर्षांपूर्वीच्या पावसात वडिलांनी लावलेला फणस पडला होता. त्याच्या फळ्या पडवीत रचून ठेवलेल्या, आणि त्यातूनच देवासमोरचा पाट करायचा म्हणून हत्यारं घेतलेली. मी ज्याला हट्ट समजत होते ती साधी, शहाणी भीती होती. चूक एवढीच की आरंभ नेमका त्याच लाकडापासून करायचा होता. हे मला त्यांच्याआधी कळायला हवं होतं, पण कळल्यावर मात्र मी वेळ दवडला नाही.

"पुढच्या वेळी मुद्दाम बिघडवलेले तीन सांधे आणा," मी म्हटलं. "खोक्याच्या लाकडाचे."

ते हसले. आमच्या खोलीत पहिल्यांदाच.

मालाच्या पॅलेटचं पाइन स्वस्त आणि मऊ असतं. मात्र शिक्का बघून घ्यावं. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नको. खिळे काढल्याशिवाय करवत लावू नये. पटाशीला धार हवीच. बोथट पटाशीला जोर जास्त लागतो आणि हात निसटतो तो तिथेच. दोन्ही हात पात्याच्या मागे. घासताना मास्क लावावा. विजेची यंत्रं पहिलं वर्षभर विसरावीत. आणि आपल्याकडे गोव्यात एक जास्तीची गोष्ट: लाकूड पावसात रुंदीला फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेला खण जुलैत उघडत नाही. तेव्हा थोडी फट ठेवावी आणि खण अडला म्हणून स्वतःला दोष देऊ नये.

ते तीन सांधे घेऊन आले. वाकडे, फटी पडलेले. टेबलावर मांडताना प्रत्येकात काय चुकलं ते सांगत होते: इथे रेषेच्या आतून कापलं, इथे रंधा लाकडाच्या रेषांच्या उलट मारला म्हणून लाकूड उचकटलं. मी गप्प राहून ऐकलं. समुपदेशकाला गप्प बसणं जमलं की अर्धं काम होतं, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. त्या अर्ध्या तासात त्यांनी झोपेचं नावही काढलं नाही.

पाट व्हायला पुढे वर्ष लागलं. तो मी पाहिलेला नाही. त्याच फळीच्या टोकाचा चार इंची तुकडा मात्र त्यांनी मला आणून दिला. तेव्हा हळदीसारखा पिवळा होता. माझ्या टेबलावर त्याला दोन पावसाळे झालेत, आता तांबूस व्हायला लागलाय.