काब द रामच्या कड्यावर समुद्रपक्ष्यांची घरटी पाहायला मिळतील का?

तुम्ही विचारले आहे की, डिसेंबरच्या अखेरीस सत्तरीच्या वडिलांना घेऊन तुम्ही गोव्यात येणार आहात आणि परदेशातल्या चित्रफितींत दिसतात तसे घरट्यांनी गजबजलेले समुद्रकडे काणकोण तालुक्यातल्या काब द राम भूशिरावर पाहायला मिळतील का. मी मडगावात राहते आणि गेली बरीच वर्षे दर हिवाळ्यात तीन-चार वेळा तरी या कड्यावर पक्षी पाहण्यासाठी जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. तुम्हाला अपेक्षित असलेली घरट्यांची वस्ती तिथे नाही. तरीही समुद्राकाठचे पक्षी उंचावरून, निवांतपणे पाहायचे असतील, तर दक्षिण गोव्यात मी याच जागेचे नाव आधी घेईन.

चित्रफितींतले ते कडे बहुधा उत्तर अटलांटिकमधले असावेत. आइसलँडमधला लात्राब्यार्ग हा कडा सुमारे १४ किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ४४० मीटर उंच आहे. तिथे गिलेमॉटसारखे पक्षी काडीचेही घरटे न करता उघड्या दगडी कंगोऱ्यावर एकच, एका टोकाला निमुळते अंडे घालतात. ते थंड समुद्रातले पक्षी असल्यामुळे आपल्याकडे येत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचे सुरय (इंग्रजीत टर्न) कड्याच्या कंगोऱ्यांवर नव्हे, तर जमिनीवर अंडी घालतात, आणि त्यामुळे जिथे कुत्रा, मुंगूस किंवा माणूस सहज पोहोचत नाही अशी बेटे त्यांना लागतात. मुख्य भूमीचा कडा कितीही उभा असला, तरी त्याचा माथा सगळ्यांना मोकळा असतो.

अशी वसाहत आपल्या शेजारीच, वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या खडकाळ बेटांवर आहे. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या सुमारास तिथल्या सुरयांविषयी आणि पाकोळ्यांविषयी (इंग्रजीत स्विफ्टलेट) लिहून ठेवले होते. कपाळावर पांढरी पट्टी असलेला गडद पाठीचा सुरय तिथे दगडांच्या आडोशाला अंडे घालतो, आणि तुऱ्याचा मोठा सुरय उघड्यावर, एकमेकांना जवळजवळ खेटून वसाहत करतो. तिथल्या गुहेत लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्याही राहतात. या घरट्यांचे परदेशात सूप करतात म्हणून पूर्वी त्यांची चोरी होत असे.

हे वाचून तिथे होडी काढावी असे तुम्हाला वाटेल, पण माझी कळकळीची विनंती आहे की विणीच्या हंगामात अशा कोणत्याही बेटाजवळ जाऊ नका. एका उन्हाळ्यात एका होडीवाल्याच्या आग्रहाला मान देऊन मी समुद्रातल्या अशाच एका खडकाच्या अगदी जवळ गेले होते. इंजिनाच्या आवाजाने खडकावरचे सगळे सुरय एकदम उठले, आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले आणि आम्ही दूर जाईपर्यंत त्यांतला एकही खाली उतरला नाही. एवढे पक्षी इतक्या जवळून दिसल्याचा तेव्हा मला आनंद झाला होता. आपल्या उन्हाळ्यात अंड्यावर बसणारा पक्षी ऊब देण्यापेक्षा सावली अधिक देत असतो, आणि तो उठला की तापलेल्या दगडावरचे अंडे थोड्याच वेळात निकामी होऊ शकते, हे मला नंतर कळले. त्या दिवशी तिथे अंडी होती की नव्हती हे मी पाहिले नाही, आणि त्याचीच रुखरुख आजही मनात आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये घरट्यांना आणि अंड्यांना संरक्षण आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच लिहिले असते.

आता काब द रामविषयी. डिसेंबरात तिथे जे कुरव (इंग्रजीत गल) दिसतील त्यांपैकी कोणाचेही घरटे या किनाऱ्यावर नसते. तपकिरी डोक्याचा कुरव (हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका उरतो) लडाख आणि तिबेटमधल्या सरोवरांकाठी वीण करतो. त्सो मोरिरी हे तसे एक सरोवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवरचे. बांगड्याच्या जाळ्यामागे घिरट्या घालणारा हा पक्षी एवढ्या उंचीवरून उतरून आलेला आहे, हे वडिलांना जरूर सांगा. मला स्वतःला ते कळल्यापासून किनाऱ्यावरच्या कुरवांकडे नुसती एक नजर टाकून पुढे जाता आलेले नाही.

मात्र या कड्यावरचा खरा मानकरी पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आहे. त्याच्या पंखांचा पसारा दोन मीटरांच्या आसपास असतो. तो तरंगताना पंख वर उचलून धरतो, त्यामुळे समोरून पाहिल्यास उथळ द्रोणासारखा आकार दिसतो, आणि याच एका खुणेवरून तांबूस अंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारीपासून त्याला लांबूनही वेगळे ओळखता येते. मासे आणि समुद्रसाप हे त्याचे मुख्य खाद्य. त्याचे घरटे किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर असते. काटक्यांचा तो प्रचंड ढीग एकच जोडी वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरते. विणीचा काळ हिवाळ्यातच येतो, म्हणून एखादे घरटे दिसलेच तर दुरूनच पाहा, झाडाखाली थांबू नका आणि त्याची जागा छायाचित्रासह सगळीकडे पसरवू नका. कड्याच्या पायथ्याशी, लाटांच्या फेसात उभा असलेला राखाडी-काळा समुद्रबगळा आणि इथल्या जुन्या किल्ल्याच्या तटावर येऊन बसणारा निळसर शैल कस्तूर हेही मी तिथे आवर्जून शोधते. पाणी शांत असेल तर कुबड असलेले डॉल्फिन वरूनच दिसतात.

वेळेबाबत माझे मत बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. लोक इथे सूर्यास्तासाठी येतात, परंतु कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे संध्याकाळी ऊन थेट डोळ्यांत येते आणि प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन जातो. सकाळी सूर्य पाठीशी असतो, समुद्रावरच्या पक्ष्यांचे रंग स्पष्ट दिसतात आणि माणसेही कमी असतात. साधारण अकरानंतर समुद्राकडून वारा सुटू लागतो, तो कड्यावर आदळून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर गरुड व घारी पंख न हलवता आपल्या डोळ्यांच्या पातळीवरून जातात. म्हणून नऊच्या सुमारास पोहोचा आणि बारापर्यंत एकाच ठिकाणी बसून राहा. जागा बदलत राहिल्यास फार थोडे दिसते.

बसण्याची जागा मात्र काठापासून बऱ्याच अंतरावर निवडा. हा कडा जांभ्याचा आहे. जांभ्याचा वरचा थर उन्हावाऱ्याने कठीण होतो, पण खालचा थर मऊ, चिकणमातीचा असतो. लाटा तो खालून कोरत राहतात, आणि वरची कड आधाराशिवाय पुढे आलेली असूनही पायाखाली ती पक्कीच लागते. शिवाय सड्यावरचे, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावरचे, सुटे खडे गोट्यांसारखे घरंगळतात. वडिलांना किल्ल्याच्या तटाच्या आतच बसवा; तिथे सांत आंतोनियोच्या चर्चजवळ सावली आहे आणि थोडे चालल्यावर समुद्रही दिसतो. हा किल्ला अठराव्या शतकात सौंद्याच्या राजाकडून पोर्तुगीजांकडे गेला आणि १९५५ पर्यंत तिथे तुरुंग होता. इतिहासाची आवड असेल तर त्यांचा वेळ चांगला जाईल. खाली समुद्रापर्यंत उतरणाऱ्या वाटा त्यांनी टाळाव्यात, आणि माझ्या मते तुम्हीही टाळाव्यात.

मडगावहून चिंचिणी, असोळणे, बेतूल असा किनाऱ्याचा रस्ता घ्या. अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे, आणि बेतूलनंतर गाडी सड्यावर चढली की पठारावर टिटव्या व चंडोल दिसतात. ८ × ४२ ची दुर्बीण, भरपूर पाणी, टोपी आणि घट्ट पकडीचे बूट सोबत ठेवा. किल्ला किती वाजता उघडतो हे आदल्या दिवशी विचारून घ्या. ड्रोन आणू नका, कारण समुद्री गरुड आपल्या हद्दीत शिरलेल्या ड्रोनवर झेप घेऊ शकतो आणि त्यात त्यालाच इजा होऊ शकते. तुमची तारीख ठरली की इथेच कळवा. त्या आठवड्यात मला कड्यावर जे दिसेल ते मी तुम्हाला लिहून पाठवीन.