कोराल प्रिल्यूड बसवताना

अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑर्गनवर बसवायला बाखचा ‘इश रूफ त्सू दीअर’ (‘तुला मी हाक मारतो’) हा कोराल प्रिल्यूड, म्हणजे चर्चमधल्या स्तोत्राच्या चालीवर बांधलेली छोटी रचना, निवडलास, बरं केलंस. ‘ऑर्गेलब्यूखलाइन’ या त्याच्या संग्रहातल्या बहुतेक रचना त्याने १७०८ ते १७१७ या, जर्मनीतल्या वायमारच्या नोकरीच्या, वर्षांत लिहिल्या आणि मुखपृष्ठावरच सांगून टाकलं, की हा संग्रह शिकणाऱ्या ऑर्गनवादकासाठी आहे आणि पेडलचा, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्यांचा, अभ्यासही त्यातच व्हावा. तीनच आवाजांत, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन स्वतंत्र ओळींत, लिहिलेली त्यातली ही एकमेव रचना. जेमतेम पानभर आहे म्हणून सोपी समजू नकोस. तीन आवाजांत चूक लपत नाही.

पियानोवादक बुसोनीने पियानोसाठी केलेलं रूप तू ऐकलं असशील. ते तूर्त बाजूला ठेव. पियानोचा सूर वाजताक्षणी विरू लागतो. ऑर्गनचा सूर पट्टी सोडेपर्यंत तेवढाच राहतो, जोरात दाबूनही वाढत नाही. मग सुराला वजन द्यायचं कसं? त्याच्या आधीचा सूर किंचित लवकर सोडून. बोट खाली कधी जातं यापेक्षा वर कधी येतं, ते बघ.

खरी कसोटी पायांची. आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनला पाय नुसता भाता मारतात; इथे त्यांना स्वतःची ओळ आहे, आणि तीत एकच सूर पुन्हा पुन्हा येतो. दोन सुरांतली फट सगळीकडे सारखी ठेवलीस, तर शिवणयंत्र चालल्यासारखं वाटेल. ठोक्यावरचा सूर जरा लांब धर, मधला आखूड. टाच नको, चवडे पुरेत. घुमणाऱ्या चर्चमध्ये फट वाढव.

उजव्या हातातली चाल आधी जर्मन शब्दांसकट गा. जिथे श्वास घ्यावा लागेल तिथेच बोट उचल. डावा हात मात्र वाहता राहू दे. चाल करुण आहे म्हणून रेंगाळायचं नाही. ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने अदलाबदल, वरच्या सुरापासून. थोरल्या मुलासाठी १७२० साली सुरू केलेल्या वहीत बाखने तसंच दाखवलंय.

आता स्टॉप, म्हणजे कुठल्या नळ्या वाजवायच्या ते. आठ फुटी म्हणजे लिहिल्या उंचीचा सूर, सोळा फुटी म्हणजे एक सप्तक खालचा. उजव्या हाताला आठ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ, भरीव आवाज), डाव्याला दुसऱ्या कीबोर्डवर आठ फुटी फ्लूट, पेडलला सोळा आणि आठ फुटी. बरेच जण ट्रेम्युलंट (सूर थरथरवणारी सोय) लावतात. माझ्या कानाला त्यात ट्रिल बुडतात.

बाकावर बसून पेडल खाली चर्चमध्ये किती घुमतंय ते कळत नाही. दुसऱ्या कुणाला वाजवायला बसव, मागच्या रांगेतून ऐक, आणि मगच सोळा फुटी ठेवायचा की काढायचा ते ठरव.